कुमुद आणि बाटलीवरचा आकडा

कुमुद, काल तुझी तेरवी झाली. वडे झकास होते. भात मात्र गिचका झाला होता. तू असतीस तर स्वयंपाक्याला समोर उभं करून हा तांदूळ कोणत्या मिलचा, नवा की जुना, याची झडती घेतली असतीस. मी तोच भात दोनदा मागून घेतला. रडल्यावर माणसाला इतकी भूक लागते हे मला ठाऊक नव्हतं. तुझे यजमान, आमचे भाऊजी, पंगतीत फिरत फिरत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "वनिताबाई, ती असती तं म्हणाली असती, ही माह्यासाठी आली का वड्यासाठी?" सगळ्या ओळीत हशा पिकला. तिरोड्याहून परतीच्या बसमध्ये मी ते आठवून एकटीच हसत होते आणि शेजारची बाई जरा सरकून बसली.

आज सकाळी लॅबमध्ये आले. तुझी खुर्ची आता माझी म्हणे. मी बसले नाही. माझ्या जुन्याच स्टुलावर बसून हे लिहिते आहे, आणि सुरुवातीलाच सरळ सांगून टाकते की तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. नऊ वर्षं राहिली आहे. त्या मंगळवारी तू टोचलेल्या इंजेक्शनने मी मरता मरता वाचले आणि त्याचा दोष तू शेवटपर्यंत स्वतःच्या माथी घेऊन वावरलीस. तो दोष तुझा नव्हता. कोणाचा होता ते मला माहीत आहे. पण एकदम तोंड उघडायची छाती होत नाही. आधी थोडं हसू दे.

नव्व्याण्णव साली आपण दोघी एकाच दिवशी रुजू झालो. गोंदियात डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यामागे दोन खोल्या, एक फ्रिज, एक तराजू आणि एक पंखा, जो चालू केला की परागकण उडायचे म्हणून बंदच असायचा. दुपारी डबा उघडला तर तू न विचारता माझ्या डब्यात हात घातलास आणि जवसाची चटणी अर्धी संपवून टाकलीस. वर विचारलंस, "उद्या अजून आणशील का वो?" आमच्या वस्तीत वाढलेल्या मला त्या क्षणी काय वाटलं हे तुला कधी कळलं नाही. कळण्यासारखं त्यात काही आहे हेच तुझ्या डोक्यात आलं नसतं. त्या दिवसापासून चौदा वर्षं मी दोन माणसांची चटणी आणली.

काम काय, तर ज्या गोष्टीने माणसाला शिंका आणि दमा होतो, तिचाच अर्क काढायचा. गाजरगवताचे परागकण, राईस मिलची धूळ, घरातली धूळ. तो अर्क पातळ करून बाटलीत भरायचा आणि रोग्याला आठवड्याला थोडा थोडा टोचायचा, डोस वाढवत न्यायचा, म्हणजे अंगाला त्याची सवय होते आणि शिंका थांबतात. बाटलीवर आकडा असायचा तो वजनाचा: इतके परागकण, इतक्या पाण्यात. पहिल्याच आठवड्यात तू डॉक्टरसाहेबांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "साहेब, वजन तं भरल्या धानालेबी असते अन् पोचट धानालेबी. या आकड्यावून औषधाची ताकद कशी समजन?"

साहेब म्हणाले, "सगळीकडे असंच लिहितात, मॅडम."

"सगळे लिवतेत म्हणून खरं होते का?"

नवी नोकरी, आणि ही बाई पाचव्या दिवशी मालकाशी भांडते! मी मनात म्हटलं, ही महिनाभरही टिकत नाही. साहेब बिचारे हसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच दाखवा ताकद मोजून." झालं. तुला तेवढंच पाहिजे होतं.

कोहमाऱ्याचं आठवतं का? हायवेच्या कडेला, ढाब्यांच्या मागे गाजरगवत छातीइतकं वाढायचं. आपण दोघी तोंडाला ओढण्या बांधून, कात्र्या घेऊन त्याचे फुलोरे कापत होतो. ट्रकवाले गाड्या थांबवून बघायचे. ढाब्याच्या मालकाला तू सांगितलंस की यापासून औषध बनते. त्याने आदराने चहा पाजला आणि ही बातमी चार गावांत पसरवली. पुढच्या फेरीला गेलो तर एक अख्खी ट्रॉली गाजरगवत भरून तयार! मुळासकट उपटलेलं, फुलं केव्हाच झडलेली. चार माणसं अभिमानाने बाजूला उभी. आपल्याला लागायचे ते चिमूटभर परागकण, ते तर सगळे वाटेतच उडून गेले होते. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू माझा हात दाबलास आणि म्हणालीस, "वा भाऊ! लगित मेहनत केली तुमी." मग त्या ट्रॉलीतलं थोडं गवत आपण खरंच पिशवीत भरून घेतलं आणि आमगावच्या वळणावर फेकून दिलं. एरवी कोणालाही फाडून खाणारी तू, त्या दिवशी इतकी गोड कशी वागलीस हे मला अजून उमगलेलं नाही.

तीन हंगाम गवत कापल्यावर मला शिंका सुरू झाल्या. डोळे लाल, नाक गळतंय, सकाळी छातीत घरघर. साहेबांनी हातावर तपासणी केली आणि सांगितलं, गाजरगवताची पक्की अ‍ॅलर्जी. मी रडायच्या बेतात. आणि तू? तू टाळ्या वाजवल्यास, कुमुद! "अवो, तू तं सोन्याची झाली! आता आपल्याले घरचाच हात भेटला." मी तुला त्या दिवशी काय काय शिव्या दिल्या त्या इथे लिहीत नाही.

पण हात दिला. साहेबांसमोर माझ्या दंडाखाली एका बाजूला कोहमाऱ्याच्या परागकणांचा थेंब, एका बाजूला बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवरच्या परागकणांचा. वजन तेच, पाणी तेच, बाटलीवरचा आकडा तोच. वरच्या टोकाला हिस्टामिनचा थेंब, ज्याने कोणाच्याही कातडीवर गांधी उठतेच, म्हणजे मोजायला आधार. बारीक सुईने टोचलं आणि वाट पाहिली. बोदलकशाच्या थेंबाची गांधी तुरीच्या दाण्याएवढी. कोहमाऱ्याची चिंचोक्याएवढी! तू बॉलपेनने दोन्हींच्या कडा आखल्यास, वरून सेलोटेप चिकटवून ती शाई उचललीस आणि टेप तशीच रजिस्टरमध्ये डकवलीस. मग रजिस्टर उचलून साहेबांच्या टेबलावर आपटलंस. "हे पाहा वजन." साहेबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला आणि म्हणाले, "मॅडम, चहा सांगा."

त्याच आठवड्यात तुमच्या घरी लग्न होतं. मी मेंदी काढलेले हात आणि त्यावर बॉलपेनची गोल गोल नक्षी घेऊन मांडवात आले. तुझ्या जाऊबाईंनी विचारलं, ही कोणती डिझाइन? तू तोंड सरळ ठेवून म्हणालीस, "नागपूरची नवीन फॅशन आहे." संध्याकाळपर्यंत तीन पोट्ट्यांनी हातावर बॉलपेनचे गोळे काढून घेतले होते.

मग मीच रोगी झाले. दर मंगळवारी सकाळी, बाहेर रोग्यांची रांग लागायच्या आधी, साहेब शेजारच्या खोलीत असताना, तू मला टोचायचीस. माझी बाटली फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, तिच्यावर तुझ्या अक्षरात "वनिता मेश्राम, नाक". हे "नाक" काऊन लिहिलं म्हणून मी भांडले तर म्हणालीस, रोग तिथं आहे म्हणून. सुरुवातीला दंड सुजायचा. मे महिन्यानंतर सूज येणंच बंद झालं. तू खूश. "औषध लागू पडलं वो!" डोस वाढत वाढत टोकाला पोचला, मला काहीही नाही. मीही खूश.

ऑगस्टमध्ये बाटली तळाला गेली. थोडा अर्क उरला होता, पण तू म्हणालीस, नवीनच घेऊ. नवी बाटली, आकडा तोच, डोस तोच. मंगळवार. बाहेर पाऊस, धानाचे रोवणे संपत आलेले, गाजरगवत ऐन फुलात. तू टोचलंस आणि कापूस दाबून पोह्यांचं काही सांगू लागलीस. माझे तळहात खाजायला लागले. मग कान तापले. मग घशात कोणी मूठभर भुसा कोंबल्यासारखं झालं आणि तुझं बोलणं लांबून यायला लागलं. तू किंचाळलीस, साहेब धावत आले, मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. मला जमिनीवर आडवं करून तू माझे पाय तुझ्या मांडीवर उचलून धरलेस, आणि अशा वेळी माणूस देवाचं नाव घेतो, तू मला झापत होतीस. "मरू नको वो! रजिस्टर कोण लिवन? मरू नको म्हणतो ना!" खरं सांगते, कुमुद, मला त्या अवस्थेत हसू आलं. श्वास परत आला तो हसण्यातूनच आला असं मी सगळ्यांना सांगत असते. साहेब म्हणतात, इंजेक्शनमुळे आला. त्यांना म्हणू दे.

त्यानंतर तू कोणालाही टोचलं नाहीस. सिरिंज हातात घेतली नाहीस. साहेबांनी समजावलं, मी समजावलं, तू एकच म्हणायचीस: "मी दिवसभर बोंबलत होतो का आकड्यावर भरोसा ठेवू नका, अन् मीच आकडा पाहून टोचलं. दोन बाटल्या आधी ताडून पाहाच्या होत्या." वजनाचा आकडा खोटा असतो हे अख्ख्या गोंदियात ज्या एका बाईला माहीत होतं, तिच्याच हातून ती चूक झाली. आणि चूक झाल्यावर तू जी पेटलीस! साहेबांच्या मागे लागून लागून, रंगावरून अर्काची ताकद मोजणारं, प्लेट वाचायचं यंत्र आणवलंस. उत्तम परागकण चार ठिकाणांहून गोळा केलेस, त्यांचा एक अर्क बनवलास, तो नागपूरला नेऊन सुकवून आणलास आणि काचेच्या बारीक कुप्यांत बंद करून ठेवलास. त्याला आपण म्हणायचो "घरचं माप". त्याची ताकद शंभर धरायची, आणि प्रत्येक नवा घाणा, म्हणजे एका वेळी काढलेला अर्क, त्याच्याशी ताडल्याशिवाय दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. कमी भरला तर फेका, जास्त भरला तर पातळ करा. आणि रोग्याची बाटली बदलली की डोस आधी खाली आणायचा, आकडा कितीही सारखा असला तरी. हा तुझा नियम साहेबांनी दवाखान्याच्या भिंतीवर लावला आहे, तो अजून आहे.

रोशनी नवीन आली तेव्हा तिला ती प्लेट काही केल्या समजेना. शहाण्णव खळगे, रोग्यांच्या रक्तातलं सीरम, पिवळा रंग, आणि अर्क जितका जोरदार तितका रंग फिका! पोरगी रडकुंडीला आली. तू तिला सांगितलंस, "समज, गावात दोन घरी लगन हाये. पाहुणे तेच. पयल्या घरचा सैपाक दमदार असन, तं पाहुणे तेथंच जेवून घेतेत, दुसऱ्या घरी पंगतीत कोणी बसत नाही. आपण दुसऱ्या घरी जाऊन रिकाम्या पत्रावळी मोजाच्या. जेवढ्या रिकाम्या, तेवढा पयल्या घरचा सैपाक तगडा. समजलं? पाहुणे म्हंजे हे सीरम, पयलं घर म्हंजे आपली बाटली, दुसरं घर हा खळगा." रोशनी आता स्वतः नवीन मुलींना शिकवते तेव्हा अगदी पत्रावळीसकट सांगते. फक्त तुझ्यासारखं डोळे मोठे करत नाही.

पण आपलं भांडण मिटलं नाही ते नाहीच. मी म्हणायची, आता प्लेट आली, माझा हात सोडा. तू म्हणायचीस, "प्लेट एवढंच सांगते का ही बाटली मापासारखी हाये. माप खरं का खोटं, ते कातडीच सांगन." मी म्हणायची, कातडी आज एक बोलते, उद्या एक. आणि मग मी सर्दीच्या गोळीची गोष्ट काढायची. सांगू का परत? सांगतेच. साहेबांनी सर्वांच्या हातावर हिस्टामिनचा थेंब टोचला. सगळ्यांच्या हातावर गांधी उठली, तुझ्या हातावर काहीच नाही. तू म्हणालीस, हिस्टामिन खराब आहे. अवो, बाकीच्यांच्या हातावर उठली ना? तर म्हणे, माझ्या थेंबाच्या वेळी खराब झालं! पुरवठादाराला फोन लावून अर्धा तास तू त्याची सालटी काढलीस. आणि संध्याकाळी तुझ्या पर्समध्ये मला सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं. त्या गोळीने गांधी उठतच नाही, हे शाळेतल्या पोरासारखं आपण पाठ केलेलं. तू अर्धं मिनिट गप्प बसलीस. आयुष्यात तुला अर्धं मिनिट गप्प बसवणारी मी एकटीच.

आज मी कबूल करते की तू अर्धी बरोबर होतीस. पूर्ण नाही. अर्धी. राहिलेल्या अर्ध्यासाठी मी अजून भांडायला तयार आहे, आणि समोर कोणी नाही, म्हणून जीव कासावीस होतो.

जानेवारीत तुला भेटायला तिरोड्याला आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस. हात काडीसारखे, डोळे मात्र तेच. भाऊजी चहा करायला आत गेले. तू म्हणालीस, "काई सांगाचं राहिलं असन तं सांगून टाक वो. मी आता कोणाले सांगाले जाऊन राहिली?" आणि हसलीस. मी काय सांगितलं? नव्या सीरमबद्दल सांगितलं. कोणाकोणाचं रक्त घेतलं, किती मिळालं. तू ऐकून घेतलंस. डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बरं." ते "बरं" मला त्या दिवसापासून टोचतंय.

आता ऐक. त्या मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न होतं. गाव अर्जुनीकडे, इटियाडोहच्या कालव्याच्या काठाला. मी तुला सांगितलं, बाटली बर्फात घालून घेऊन जाते, गावच्या नर्सबाईकडून मंगळवारचा डोस घेईन. नवेगावबांध येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं. घरी पोचले आणि बाटली पिशवीतच विसरले. हळद, वरात, पाहुणे, नव्या साडीतली भावाची बायको, कुठली नर्स आणि कुठलं इंजेक्शन! टिनाचं घर, मे महिना, खुंटीला टांगलेली पिशवी. आठ दिवसांनी निघताना हात घातला तर बाटली अशी गरम लागली की मी दचकले. गोंदियाला आले, तू जेवायला गेली असताना ती गुपचूप फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली. तू विचारलंस, डोस घेतला? मी म्हटलं, घेतला.

बाटलीतला अर्क दिसायला तसाच होता. आकडा तसाच होता. फक्त ताकद गेलेली. त्यानंतर माझा दंड सुजेना, तर तू म्हणायचीस औषध लागू पडलं, आणि मी मान डोलवायची. मला शंका आली नाही असं नाही, कुमुद. आली होती. मी ती शंका डोक्यातून हाकलून दिली, कारण नाहीतर विसरल्याचं सांगावं लागलं असतं, आणि वर खोटं बोलल्याचं. मग आपण त्या मेलेल्या बाटलीवर डोस वाढवत गेलो, आणि तोच टोकाचा डोस ताज्या बाटलीतून एकदम अंगात गेला. हे कोणाच्याही हातून झालं असतं. तू टोचलंस म्हणून नव्हे.

इतकी वर्षं मी मनाला सांगत आले की बरंच झालं सांगितलं नाही, तू पेटली नसतीस तर घरचं माप झालंच नसतं, किती रोगी वाचले असतील. केवढी सोयीची समजूत! खरं एवढंच की मी घाबरले. आधी नोकरी जाईल म्हणून, मग तुझ्या नजरेला, आणि मग इतकी वर्षं गेली की उशिराचीच लाज वाटायला लागली.

तुझी जागा माझ्याकडे आली म्हणून साहेबांनी परवाच मला सांगितलं होतं, जुन्या रजिस्टरमधल्या उघड्या नोंदी बंद करून टाका. एकच उघडी होती. आज सकाळी ती घेऊन बसले. तुझ्या अक्षरात सगळं आहे: यंत्र आल्यावर पहिली तपासणी माझ्या त्या जुन्या बाटलीत उरलेल्या अर्काची, तू तो इतके महिने गोठवून जपला होतास. त्याच घाण्याची दुसरी बाटली फ्रिजमध्येच राहिलेली, तिची ताकद पूर्ण. फक्त माझ्या बाटलीची एक तृतीयांशही नाही. आणि पुढे "कारण" असं लिहून दोन ओळी कोऱ्या. दरवर्षी साहेब विचारायचे, हे कोरं का? तू म्हणायचीस, समजलं की भरू. साहेब आज फोनवर म्हणाले, "लिहा, कारण अज्ञात, आणि संपवा."

मी पान उलटलं. मागच्या पानावर माझंच अक्षर. उन्हाळ्यात बाटल्या बाहेर राहिल्या तर ताकद किती जाते, ती तपासणी. मला ती आठवतच नव्हती, आणि मग एकदम सगळी आठवली. तू चार बाटल्या हातात घेऊन उभी होतीस आणि मला म्हणालीस, "किती दिवस बाहेर ठेवाच्या वो?"

"आठ," मी म्हटलं.

"आठच काऊन?"

"असंच."

तू माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "लिव. आठ." मी लिहिलं. आणि तू त्या बाटल्या टेबलावर नाही ठेवल्यास. एका कापडी पिशवीत घातल्यास आणि सायकल स्टँडच्या टिनाखाली, खिळ्याला टांगून आलीस. पिशवीचं मी तुला कधी सांगितलं नव्हतं. टिनाचंही नाही. तू एकदा आमच्या गावच्या घरी येऊन जेवून गेली होतीस, तेवढंच. नवव्या दिवशी प्लेट लावली. आकडे माझ्या बाटलीशी तंतोतंत जुळले. तू कागद माझ्यापुढे सरकवलास, मी पाहिला, तू म्हणालीस, "चहा घेते का?"

म्हणजे तुला माहीत होतं! मला किती राग आला सांगू, कुमुद? रोशनी धावत आली इतक्या जोरात मी स्टूल ढकललं. आठ वर्षं माहीत होतं आणि माझी चटणी खात राहिलीस? बारीकसारीक गोष्टीवरून माझं डोकं खाणारी तू, एकदाही बोलली नाहीस? स्वतः सिरिंजला हात लावला नाहीस, दोष डोक्यावर घेऊन फिरलीस, आणि त्या दोन ओळी माझ्यासाठी कोऱ्या ठेवल्यास. जानेवारीत तर तोंडाने मागितलंस. मी रडले, मग हसले, मग परत रागावले. रोशनी पाण्याचा ग्लास घेऊन तशीच उभी होती, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

मग मी पेन घेतला. दोन ओळी पुरल्या नाहीत, खाली मार्जिनमध्ये गेले. लिहिलं: "कारण: ही बाटली मी गावी नेली. मे महिन्यात आठ दिवस टिनाच्या घरात पिशवीत राहिली. परत आणून कोणाला न सांगता फ्रिजमध्ये ठेवली. टोचणारीची यात काही चूक नाही." खाली सही केली, वनिता मेश्राम, पूर्ण नावाने. दुसरी सही पडताळणी करणाऱ्याची लागते, ती आजवर तुझी असायची. रोशनीने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता केली. रजिस्टर साहेबांच्या टेबलावर ठेवून आले आहे. ते यायचे आहेत, काय म्हणतील ते म्हणू दे.

तू आता रागाव वो, कुमुद. खूप उशीर केला मी. मनसोक्त रागाव, मी ऐकून राहिली.